पणजोबांची पायपेटी कुठली, कोणत्या सालची?

झाडीकाठ, वडसा
पणजोबा मंडईतल्या (आमच्याकडच्या गावजत्रेतल्या) नाटकांना पायपेटी, म्हणजे पायाने भाता चालवायची हार्मोनियम, वाजवायचे. दोन पायटे, गुडघ्याने ढकलायच्या दोन दांड्या, आवाज बदलायच्या ११ खुंट्या. समोर कलकत्त्याच्या दुकानाची पितळी पट्टी आहे, नंबर मात्र दिसत नाही. दुरुस्तीला द्यायच्या आधी काय तपासू?

सूरजुळारी
दुरुस्ती थांबवा! भाता बदलताना जुनं कापड आणि चिठ्ठ्या आधी फेकल्या जातात, आणि माहिती तिथेच असते. पितळी पट्टी बहुतेकदा विकणाऱ्याची असते, बनवणाऱ्याची नव्हे.

मागची फळी काढा. फळीची आतली बाजू आणि सुरांच्या (वाजणाऱ्या धातूच्या जिभांच्या) पेटाऱ्याचा वरचा भाग टॉर्च आडवा धरून बघा, ठोकलेला नंबर तिरप्या उजेडातच उठून दिसतो. मग बोटांनी वाजवायच्या पट्ट्यांतली डावीकडची पहिली उचला. तिच्या कुशीला पेन्सिलने तारीख किंवा सही सापडू शकते. पट्ट्या काढण्याआधी प्रत्येकीवर क्रमांक टाका, अदलाबदल झाली तर अडकतात. पितळ पॉलिशने घासू नका, अक्षरं झिजतात.

भाता_आणि_सूर
सूर कसे बसवलेत ते पाहा. स्क्रूने आवळलेले असतील तर घडण युरोपी हार्मोनियमची, हवा दाबणारी. खाचेत सरकवलेले, आकड्याने ओढून निघणारे असतील तर अमेरिकन ऑर्गनची, हवा ओढणारी. तसं असेल तर नंबर फार मोलाचा. व्हरमाँटमधल्या एस्टी कंपनीनेच ५ लाखांवर ऑर्गन बनवले, आणि नंबरावरून साल सांगणाऱ्या याद्या आहेत.

सुराची उंचीही सालाचा अंदाज देते: फ्रान्सने १८५९ मध्ये पांढरी सहाचा सूर सेकंदाला ४३५ कंपनांवर ठरवला, आजचा ४४० आहे. पण एका सुरावर भरवसा नको: घासलेली जीभ खोटं सांगते, गंज आणि धूळही. निदान दहा सूर मोजा. मधलेच काही सूर वेगळ्या धातूचे दिसले तर ते नंतर बदललेले असतील, ते मोजणीतून वगळा.

जुनी_वही
घरात पेटीच्या जुन्या पावत्या असतील तर त्यांवरचा पत्ता नीट वाचा. 'सी. पी.' (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांच्या काळचा मध्य प्रांत) असेल तर कागद बहुधा १९५० पूर्वीचा. विदर्भातल्या गावापुढे 'मध्यप्रदेश' असेल तर १९५० ते १९५६, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला. पिनकोड असेल तर १९७२ नंतरचा. मात्र पावती दुरुस्तीचीही असू शकते, रक्कम आणि कामाचं वर्णन आधी बघा.

वडसा गोंदिया-चांदा (आताचं चंद्रपूर) रेल्वेमार्गावर आहे, तेव्हा पेटी कलकत्त्याहून रेल्वेने आली असणं सहज शक्य आहे. मूळ खोकं माळ्यावर असेल तर त्याच्या झाकणावर पार्सलची चिठ्ठी शोधा. वाफेने सोडवू नका, शाई पसरते. जागेवरच फोटो काढा.