शब्दचर्चा : ग्रीसने 'कंबर कसली' म्हणजे नक्की काय केलं?

तळटीप
एका दिवाळी अंकासाठी युरोपीय एकात्मीकरणाच्या अडचणींवरचा लेख मराठीत आणतेय. अर्धा लेख ग्रीसच्या कर्जसंकटावर आहे आणि मी 'ऑस्टेरिटी'पाशी, म्हणजे सरकारने खर्च आणि पगार कापण्याच्या धोरणापाशी, अडलेय. मी 'काटकसर' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून वाक्य केलं : '2010 साली 110 अब्ज युरोंच्या कर्जाच्या बदल्यात ग्रीसने कंबर कसली.' आमच्या घरी कंबर कसणं म्हणजे पदर खोचून कामाला लागणं. इंग्रजीतला पट्टा आवळणं वेगळं. हे वाचून वाटेल ग्रीस आखाड्यात उतरला! संपादक म्हणतात, हल्ली असंच लिहितात.
पण 'काटकसर'ही मला टोचतेच आहे. माझी आजी काटकसरी होती, वाण्याकडच्या पुडीचा दोरा गुंडाळून ठेवायची. तिला कुणी फ्रँकफुर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेतून तसं कळवलं नव्हतं. 2012 साली ग्रीसमधलं किमान वेतन 751 युरोंवरून 586 वर आणलं, त्याला काटकसर कसं म्हणायचं? मजकूर शुक्रवारी द्यायचाय.

शुद्धमती
'मितव्यय' हा सुरेख शब्द असताना शोधाशोध कशाला? 'कंबर कसणे'बद्दल तुमचं बरोबर आहे. संपादकांना शब्दकोश भेट द्या.

निवृत्त लेजर
मितव्यय म्हटलं की मला बँकेतला हिंदी पंधरवडा आठवतो. 'मितव्ययिता अपनाएँ' अशी पाटी असायची, खाली अखंड पंखा सुरू. हा शब्द मराठी माणूस भाजी घेताना वापरतो का?
तळटीपताई, काटकसर नेहमी आपखुशीची असते हे मात्र पटलं नाही. आमच्याकडे दर मार्चला 'खर्चात काटकसर करणेबाबत' परिपत्रक यायचं. पहिला बंद व्हायचा शिपायाचा चहा. साहेबांची गाडी तशीच. म्हणजे शब्दात सक्ती शिरलेली आहेच. माझ्या मते काट म्हणजे कापणं आणि कसर म्हणजे अरबी 'कस्र', तुकडा. कापून तुकडा पाडणं. किमान वेतनाला अगदी चपखल.

शुद्धमती
व्युत्पत्ती कानावरून लावू नये, काका.

निवृत्त लेजर
मग कशावरून लावायची? नाकावरून?

बंदरावरचा
मी जुलै 2015 मध्ये पिरेयसला होतो, बोटीवर सेकंड इंजिनिअर. त्या उन्हाळ्यात ग्रीसमधल्या बँका बंद. एटीएममधून दिवसाला 60 युरो काढायची मुभा, पण वीसच्या नोटा संपलेल्या, म्हणून हातात पडायचे पन्नासच. गोदीबाहेरच्या एटीएमसमोर रांग होती. एक आजोबा पन्नासची नोट घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवत होते. मागच्या बाईने त्यांना काहीतरी म्हटलं, रांगेतले सगळे हसले. मला अक्षरही कळलं नाही.
आमची आई म्हणायची, 'पोटाला चिमटा काढून तुला बोटीवर पाठवला.' ऑस्टेरिटीला मराठी शब्द तोच. पोटाला चिमटा.
जाता जाता : ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो आणि 'ओही' म्हणजे नाही. पुरवठादाराला विचारलं, डिझेल आलं का? तो म्हणाला, 'ने, ने.' मी आपला पुन्हा वर जाऊन बसलो. डिझेल खाली उभं!

श्वाबी सून
स्टुटगार्टहून लिहितेय, म्हणजे ग्रीसला काटकसर शिकवणाऱ्या जर्मन खलनायकांच्या गावातून. 😀 आमच्या जिन्यात आळीपाळीने झाडण्याचा आठवडा असतो, ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. डिसेंबर 2008 मध्ये याच शहरात पक्षाच्या अधिवेशनात तेव्हाच्या जर्मन चान्सलर मर्केलबाईंनी 'श्वाबी गृहिणी'चा, म्हणजे आमच्या या भागातल्या काटकसरी बाईचा, दाखला दिला, की तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, ऐपतीबाहेर कायम जगता येत नाही. बोलल्या त्या आर्थिक संकटाबद्दल, पण पुढे सगळ्या युरोला तीच गृहिणी चिकटली. जर्मन या धोरणाला 'बचतीचं धोरण' म्हणतात. इथे तो गुण आहे. ग्रीक शब्द 'लितोतिता', तोही मुळात साधेपणाच. म्हणजे शब्द सगळीकडे सात्त्विकच, तळटीपच्या आजीसारखा.
खरी मेख आणखी एका शब्दात आहे. जर्मनमध्ये 'शुल्ड' म्हणजे अपराध, आणि त्याचंच अनेकवचन 'शुल्डन' म्हणजे कर्ज. कर्जदार भाषेतच अर्धा गुन्हेगार. आपल्याकडे 'ऋण' घेतलं की माणूस कृतज्ञ होतो. ऋणी आहे म्हणतो आणि चहा पितो.

निवृत्त लेजर
ऋण भाषणात. वसुलीला जाल तेव्हा कर्जच असतं, सूनबाई. आणि त्या गृहिणीला एक सांगा : युरोचा पाया घालणाऱ्या मास्ट्रिख्ट करारात सरकारी तूट जीडीपीच्या 3 टक्क्यांच्या आत ठेवायची अट होती. ती 2003 मध्ये जर्मनी आणि फ्रान्सनेच मोडली, आणि कारवाई गुंडाळली गेली. साहेबांची गाडी!

बेळगावकर
मूळ लेखातल्या 'एकात्मीकरण'बद्दल कुणीच बोलत नाही? पेपरवाले सरसकट 'युरोपचे एकीकरण' लिहितात. आमच्याकडे एकीकरण म्हणजे भूभाग राज्याला जोडणं. त्या नावाची समिती आहे, लहानपणापासून घोषणा ऐकतोय. इतिहासाच्या पुस्तकातही जर्मनीचं एकीकरण, इटलीचं एकीकरण. युरोपात कुणी कुणाला जोडलं? 27 देश, 27 झेंडे. 'एकत्रीकरण' म्हणा.

शुद्धमती
एकत्रीकरण शाखेच्या बैठकीचं वाटतं. एकात्मीकरणच योग्य.

बेळगावकर
आत्मा आहे का पण तिथे? 2015 साली युरो वापरणारे देश एकोणीस, चलन एक, खजिने एकोणीस. म्हणजे पाकीट एक आणि चुली एकोणीस. असल्या घराला आमच्यात एकत्र म्हणत नाहीत, एकात्म तर सोडाच.

निवृत्त लेजर
बेळगावकर, दुखणं बरोबर सांगितलंत. 1991 च्या जुलैमध्ये आपण अडचणीत आलो तेव्हा रुपयाचं अवमूल्यन केलं, तेही दोन हप्त्यांत. ग्रीसकडे स्वतःचं जुनं चलन, द्राख्मा, उरलंच नव्हतं. चलन स्वस्त करता येईना, म्हणून माणसं स्वस्त केली. अर्थशास्त्रवाले त्याला 'अंतर्गत अवमूल्यन' म्हणतात. ताई, हाच शब्द टाका की.

तळटीप
काका, तो वेगळ्या संज्ञेचा प्रतिशब्द आहे, लेखात पुढे येतो. दोन्हीकडे एकच कसा वापरू? 'पोटाला चिमटा' आवडला, पण तो आई स्वतःच्या पोटाला काढते. इथे पोट एकाचं, बोटं दुसऱ्याची. 'सक्तीची काटकसर' कसं वाटतं?
आणखी एक. 2012 मध्ये खासगी रोखेधारकांचं दर्शनी किमतीवर 53.5 टक्के येणं कापलं, त्या 'हेअरकट'ला काय लिहू?

बंदरावरचा
हजामत. दुसरा शब्दच नाही.

निवृत्त लेजर
हजामत कर्जदाराची होते, इथे सावकाराची झाली. आम्ही एकरकमी परतफेडीत असं येणं सोडायचो त्याला 'सूट' म्हणायचो. अर्थात सूट म्हटलं की साड्यांचा सेल आठवतो, ते सोडा.

शुद्धमती
'सक्तीची काटकसर' म्हणजे सक्तीचं स्वेच्छादान. तुम्ही लोक एका शब्दाला कायम दोन शब्दांची कुबडी देता. 'मितव्यय' सवयीने रुळेल. एके काळी 'महापौर'लाही हसले होते.

बार्देशकर
उशिरा आलो. 5 जुलै 2015 ला ग्रीसमध्ये कर्जदात्यांच्या अटींवर मतदान झालं त्याला 'सार्वमत' लिहिताय ना? आम्ही गोव्यात 16 जानेवारी 1967 ला दिला तो 'जनमत कौल', महाराष्ट्रात विलीनीकरण हवं की संघप्रदेश. फरक हा की आमचा कौल मानला गेला. तिथे 61 टक्के लोक 'ओही' म्हणाले आणि आठवडाभरात सिप्रास सरकार अटी मान्य करून आलं. 'कौल' देवाला लावतात, पाकळी पडली की विषय संपतो. तेव्हा ग्रीसला कौल नकोच, 'सार्वमत'च ठेवा.
आमच्या वाड्यावरचे दोघे पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमधल्या स्विंडनला गेले. युरोपीय संघात मुक्त संचार म्हणून जमलं. 2016 मध्ये ब्रिटनने 51.9 विरुद्ध 48.1 टक्क्यांनी वेगळी चूल मांडायचं ठरवलं तेव्हा त्यांची आई मला विचारत होती, 'आतां तांचें कितें?' तिला एकात्मीकरण, एकत्रीकरण काहीही चाललं असतं.

बेळगावकर
विलीनीकरण हा शब्द काढलात ते बरं केलंत. 1967 ला तुम्ही आमच्याकडे आला असता तर...

बार्देशकर
नको. तो धागा वेगळा काढा. मागच्या वेळी दोनशे प्रतिसाद झाले होते.

तळटीप
मजकूर गेला. 'सक्तीची काटकसर' लिहिलं होतं. संपादकांनी 'सक्तीची' काढलं, जागा नव्हती म्हणे. कंबर मात्र वाचली.

निवृत्त लेजर
ताई, एक राहिलंच. तो पुडीचा दोरा तुमची आजी कशावर गुंडाळायची? आमच्याकडे त्याच्या गोळ्याला 'गुंडी' म्हणायचे, सौ. म्हणतात 'गुंडा'. सकाळपासून वाद चाललाय.