मोहिमेवरचा साधा शिपाई: दसरा ते वैशाख

मराठी फौजांचा विषय निघाला की गप्पा थेट लढाईवर जातात. सात-आठ महिन्यांच्या स्वारीत प्रत्यक्ष झुंजीचे दिवस मात्र थोडेच. बाकीचे दिवस कूच, मुक्काम, वैरण, पाणी आणि पगाराचा तगादा यांत जायचे. या धाग्यात त्याच दिवसांबद्दल लिहा. घोडे सांभाळणारे, मोडी कागद वाचणारे, जुनी हत्यारं हाताळणारे असे सगळेच इथे आहेत. सरदारांची चरित्रं नकोत. आणि शिवकाल की पेशवाई ते स्पष्ट लिहा, दोन्हीची खिचडी फार होते.

मोडीवाचक

आधी शिपाई कोणता ते ठरवू. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन आलेला. दिसायला दोघे सारखेच, पण काळजी वेगळी. घोडा मेला तर बारगिराला पागेतून दुसरा मिळण्याची आशा असते. शिलेदाराचं मात्र भांडवलच गेलं.

शिवकालीन पागेची (सरकारी घोडदळाची) रचना सभासद बखरीत, म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या शिवचरित्रात आहे: 25 बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा हजारी. मला यात सगळ्यात बोलका वाटतो तो पुढचा तपशील. दर 25 घोड्यांमागे एक पखालजी (पखालीतून पाणी वाहणारा) आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांची सोय हवालदाराच्या पातळीवरच लावून दिलेली होती, वरून कोणी पाठवील म्हणून थांबायचं नाही. स्वारीत बायको, बटीक, कलावंतीण नेण्यास सक्त मनाई होती. पेशवाईत हे पार बदललं. बाजार, कुटुंबकबिला, बुणगे (न लढणारी माणसं) सगळं लटांबर बरोबर चालायचं आणि मजल आखूड होत जायची.

तबेला

घोड्याच्या बाजूने सांगतो, कारण स्वाराचा अर्धा दिवस त्यातच जातो.

भीमथडीसारखं काटक दख्खनी जनावर साधारण साडेतीनशे किलोचं धरा. त्याला रोज सात किलोच्या आसपास कोरडी वैरण-दाणा आणि उन्हाळ्यात कामावर असेल तर तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. म्हणजे 25 घोड्यांच्या एका हवाल्याला दिवसाला पावणेदोनशे किलो चारा-दाणा. हे ओझं बरोबर वाहून नेता येत नाही, म्हणून रोज 'कही' काढावी लागते. वैरण आणि सरपण आणायला निघालेली ही टोळी छावणीपासून लांब जाते, परतताना ओझ्याने जड असते आणि शत्रू नेमका तेव्हाच तिच्यावर पडतो. कहीबरोबर हत्यारबंद पहारा द्यावाच लागे.

मुक्कामावर पोचल्यावरचा क्रम ठरलेला. आधी तंग सैल करायचा, पण खोगीर लगेच काढायचं नाही. घामेजलेल्या पाठीला एकदम वारा लागला की ती सुजते. थोडं हातावर फिरवून, श्वास खाली आला की खोगीर उतरवायचं, पाठीवरून तळहात फिरवायचा आणि कुठे गरम किंवा दुखरं लागतं ते पाहायचं. मग पाणी, मग वैरण, दाण्याचा तोबरा सगळ्यात शेवटी. हरभरा भिजवलेलाच हवा. कोरडा हरभरा भुकेल्या घोड्याने बकाबक खाल्ला आणि वर पाणी प्यायला की पोटात फुगतो, पोटशूळ उठतो आणि सकाळी जनावर आडवं.

सगळ्यात जास्त घोडे निकामी होतात ते पाठ लागल्याने. नमद्याला (खोगिराखालच्या लोकरी गादीला) एक सुरकुती राहिली तरी दोन मजलांत कातडं सोलवटतं. खोगिराची भरती एका बाजूला दबली, किंवा लुटीचं गाठोडं एकाच अंगाला बांधलं, तरी तेच. जखम झाली की त्या जागेवर भार न देणं हाच खरा उपाय, आणि रोजच्या कुचात नेमकं तेच जमत नाही. मग स्वार पायी चालतो आणि घोडा मोकळा चालवतो.

अगाडी-पिछाडीच्या (घोड्याला पुढून-मागून बांधायच्या दोरांच्या) मेखा भुसभुशीत जमिनीत तिरप्या ठोकायच्या. सरळ ठोकलेली मेख रात्री एका हिसक्यात उपटते. एक घोडा सुटला की सगळी रांग बिथरते, आणि अंधारात छापा पडल्याची हूल उठायला तेवढं पुरतं.

गडवाट

पोटाचं थोडक्यात. एकट्याची चूल परवडत नाही. जळण आणि पाणी दोन्ही वाया जातात. चार-सहा जणांचा मेळ, एक तवा, एक पातेलं, पीठ प्रत्येकाच्या वाट्याचं. ज्वारीची भाकरी, कांदा, मिरचीचं तिखट. रात्रीच भाकऱ्या जास्त थापून ठेवायच्या, कारण पहाटे कूच असेल तर चूल पेटत नाही. कणसं भरण्याच्या दिवसांत शेतातून जाताना दाणे तळहातावर चोळून तसेच तोंडात टाकायचे.

पाण्याचा नियम कुठल्याही छावणीला लागू: वरच्या अंगाला पिण्याचं, त्याखाली जनावरं, धुणं सगळ्यात खाली. मोठी फौज एका जागी आठवडाभर बसली की हा नियम मोडतो आणि हगवण सुरू होते. पानिपतावर 1760 च्या नोव्हेंबरपासून 14 जानेवारी 1761 पर्यंत तळ एकाच जागी राहिला. वैरण, दाणा आणि सरपण तिन्ही आटत गेली, त्यात उत्तरेची थंडी. त्या लढाईवर वाद घालताना तोफांइतकाच या अडीच महिन्यांचाही हिशेब धरायला हवा.

दारूगोळा

तोड्याच्या बंदुकीबद्दल दोन शब्द. तोडा म्हणजे सुताची दोरी, शोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली. नळीत दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, कानावर (नळीच्या बाजूच्या भोकापाशी) रंजक म्हणजे पेट घ्यायची बारीक दारू टाकायची, मग पेटता तोडा चापात अडकवायचा. रंजक टाकताना तोडा हातभर लांब धरायचा, इथेच हात भाजतात. कानाच्या भोकात काजळी साचली की रंजक नुसती भडकते, आतली दारू पेटत नाही. म्हणून बारीक तार जवळ हवी. दारू दमट झाली तर काही उपाय चालत नाही. पावसाळ्यात मोहीम थांबण्याचं एक कारण हेही, फक्त नद्यांचे पूर नव्हे.

भाल्याला असला त्रास नाही. फाळ घट्ट आहे का आणि काठीला चीर आहे का, एवढंच रोज पाहायचं.

हिशेबनीस

पेशवाईतल्या पगाराबद्दल. स्वारीत हाती पडायचा तो रोजमुरा, म्हणजे पोटापुरती उचल. पुरा हिशेब नंतर, आणि ही उचल त्यातून वजा. हजिरीच्या वेळी माणसाचा आणि घोड्याचा 'चेहरा' लिहिलेला असतो: रंग, पांढरे पाय, कपाळावरचा टिळा, भोवरे. गणतीच्या दिवशी उसना घोडा दाखवून तनखा उकळायची जुनी युक्ती यामुळे अवघड होते, पण बंद होत नाही!

नाणं कुठलं मिळालं यावरही बरंच अवलंबून. अंकुशी, चांदवडी आणि परमुलखातले निरनिराळे रुपये यांचा भाव सारखा नसे. सराफाकडे बट्टा (बदलताना होणारी घट) कापला जाई आणि तो शिपायाच्याच अंगावर पडे. थकबाकी फार झाली की पथकं सरदाराच्या दाराशी धरणं धरून बसत.

मोडीवाचक

परतीचं राहिलंच की. शिवकालात निघताना शिपायाकडच्या वस्तूंची यादी होई आणि वैशाखात परत आल्यावर झाडा (झडती) घेतला जाई. जास्त निघालेलं सरकारजमा, किंवा किंमत लावून पगारातून वजा. जखमी आणि मेलेल्यांचीही व्यवस्था होती. अफझलखानाच्या प्रसंगानंतर (1659) जखमींना जखम पाहून 25 ते 200 होन (सोन्याची नाणी) दिल्याचं बखर सांगते. मेलेल्यांच्या मुलांचं चालवायचं, मुलगा नसेल तर बायकोला निमं वेतन. पेशवाईच्या कागदांत पोरक्या मुलांच्या पोटगीला 'बालपरवेशी' हा शब्द सापडतो.

आणि घरी आलेल्या घोड्यांचं काय? मे 1673 मध्ये चिपळूणच्या तळावरच्या फौजेला लिहिलेलं शिवाजी महाराजांचं पत्र याच विषयावर आहे. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा-वैरण आताच मनास येईल तसा उधळलात तर भर पावसात घोडे मरतील, मग तुम्ही कुणब्यांना लुबाडाल, असा रोख. गवताच्या गंज्यांजवळ चूल आणि चिलीम नको, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवील, इतका बारीक विचार त्यात आहे.

तबेला

त्या पत्राला पुरवणी. मोहिमेवरून आलेल्या घोड्याला लगेच पोटभर दाणा सुरू करू नये. पहिले आठ-दहा दिवस वैरणच जास्त द्यावी आणि दाणा मुठीमुठीने वाढवावा. नाहीतर खुरांत दाह उतरतो आणि घोडा पुढचे पाय टेकेनासा होतो. नाल काढून खूर छाटावेत, जमीन कोरडी ठेवावी. चिखलात उभ्या घोड्याच्या खुराचा मऊ भाग कुजतो, घाण वास येतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत हे एवढं सांभाळलं नाही, तर शिलेदाराला दसऱ्याआधी घोड्यासाठी सावकार गाठावा लागे.