‘डॉक्टर हू’मधल्या बार्बराला वसाहतवादी म्हणणाऱ्यांसाठी

शाईचा_डाग
काल इथेच एक पोस्ट वाचली. १९६४ सालचे ‘डॉक्टर हू’ या काळप्रवासाच्या ब्रिटिश टीव्ही मालिकेचे अ‍ॅझ्टेकांवरचे चार भाग म्हणजे निव्वळ वसाहतवादी प्रचार, असं त्यात म्हटलंय. गोरी मास्तरीण बार्बरा डॉक्टर नावाच्या काळप्रवाशाबरोबर जुन्या मेक्सिकोत, अ‍ॅझ्टेकांच्या राज्यात, उतरते, लोक तिला देव समजतात, आणि ती ‘रानट्यांना’ नरबळी बंद करायला सांगते. खाली बदामांचा पाऊस. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

बदाम देणाऱ्यांपैकी किती जण चौथ्या भागापर्यंत पोचलेत? बार्बरा हरते हो! पावसासाठीचा पहिलाच बळी ती थांबवते, तर ज्याला वाचवलं तोच अपमान झाला म्हणून देवळावरून उडी घेतो. लगेच पाऊस पडतो आणि श्रेय जातं बळी देणाऱ्या पुरोहिताला, त्लोतोशलला. ज्ञानपुरोहित ऑटलॉक तिच्यावर विश्वास ठेवतो, त्याची श्रद्धा, पद, सगळं जातं आणि तो रानात निघून जातो. शेवटी ग्रहणाच्या दिवशी बळी जायचा तो जातोच. इतिहासाची एक ओळही बदलणार नाही, हे डॉक्टरने तिला पहिल्याच भागात बजावलेलं असतं.

आणि त्लोतोशल. खलनायक आहे, पण ही बाई देवबिव काही नाही हे सगळ्यात आधी तोच ओळखतो. म्हणजे खलनायकाचं म्हणणं खरं आणि नायिका खोटं बोलतेय. असला कसला प्रचार?

दगडफूल
तो पोस्टवाला मीच. चारही भाग पाहिलेत, धन्यवाद.

ती हरते की जिंकते हा माझा मुद्दाच नव्हता. ती हे करते कशासाठी? तर बळी थांबले की उद्या स्पॅनिश सेनापती कोर्तेस मेक्सिको जिंकायला येईल तेव्हा त्याला या लोकांचं चांगलं तेवढं दिसेल आणि हे सगळं वाचेल. हे कारण कुणाचं? कोर्तेसचंच! १५१९ मध्ये चोलुला शहरात कत्तल झाली, १५२० च्या मे महिन्यात त्याचा सरदार अल्वाराडो याच्या माणसांनी सणाला नाचणाऱ्या नि:शस्त्र लोकांना कापलं, ते काय नरबळीची किळस आली म्हणून? सोनं हवं होतं सोनं. आणि हे किळस येणारे लोक स्वतःच्या देशात माणसं जिवंत जाळत होते.

डॉक्टर तिला ‘जमणार नाही’ म्हणतो. ‘तुझं गणितच चुकलंय’ असं कुणीच म्हणत नाही. माझा राग तिथे आहे.

टेपपुराण
चर्चा छान, पण हे चार भाग निदान बघायला तरी मिळतात. याच लेखकाची, जॉन लुकारोटीची, त्याच वर्षीची मार्को पोलोवरची कथा होती. कुबलाई खानाचा दरबार, सात भाग, त्यातले बहुतेक वारिस हुसेनने दिग्दर्शित केलेले. आपल्या लखनौत जन्मलेला माणूस, मालिकेची पहिलीवहिली कथाही त्याचीच. सातही भाग बीबीसीने पुसले. आवाज तेवढा उरलाय.

टेप पुसणाऱ्यांना माझ्याकडे क्षमा नाही. माझ्या मुंजीच्या कॅसेटवर काकांनी भारत-पाकिस्तान मॅच टेप केली. तीही हरलेली.

शाईचा_डाग
@टेपपुराण, काकांचा निषेध.

@दगडफूल, कारण कोर्तेसचं आहे, बरं, हा एक मुद्दा दिला तुम्हाला. पण बार्बरा १९६३ च्या लंडनमधली इतिहासाची शिक्षिका आहे, तिच्या पुस्तकात होतं तेच ती बोलणार. आणि बळीचा पराभवाशी काहीच संबंध नाही हेही खरं नाही. १३ ऑगस्ट १५२१ ला अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली ती काही शे स्पॅनिशांमुळे नव्हे. एक तर आदल्या वर्षी देवी आल्या, राजा क्वित्लाहुआकसुद्धा त्यात गेला. आणि शेजारच्या त्लाश्काला राज्याचे हजारो लढवय्ये कोर्तेसच्या बाजूने होते. वर्षानुवर्षं त्यांचीच माणसं धरून नेऊन बळीच्या दगडावर चढवली जात होती. त्यांनी का नाही यायचं?

कुळागर
आलं! शेवटी गाडी ‘तुमच्यातलेच फितूर होते’ या स्टेशनावर येतेच.

मी गोंयकार. आम्हाला हे लहानपणापासून ऐकवतात. ‘होनावरच्या तिमोजाने पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कला बोलावलं, नाहीतर गोवा पडला नसता.’ १५१० च्या सुरुवातीला पोर्तुगीजांनी शहर घेतलं, मे महिन्यात आदिलशहाने त्यांना हुसकावलं, २५ नोव्हेंबरला त्यांनी परत घेतलं. त्यानंतर शहरातल्या मुसलमानांची बायकापोरांसकट कत्तल केली, आणि तसं अल्बुकर्कने स्वतःच राजाला लिहून कळवलं. त्याची जबाबदारी पण तिमोजावर?

१५६० मध्ये मंगेशाला पोर्तुगीजांपासून वाचवायला कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, रातोरात जुवारी नदीपार प्रियोळला न्यावं लागलं. माझी आजी कुठ्ठाळीवरून बस जाताना शेवटपर्यंत हात जोडायची, तिथे दिसण्यासारखं काही नसताना. तिला जाऊन सांगा, आपलीच माणसं फितूर होती म्हणून.

शिलालेख
भावना समजू शकतो, पण तिमोजाला आदिलशाहीचा काच होता की नव्हता? त्याच्या दृष्टीने पोर्तुगीज म्हणजे आदिलशहाला काढायचं हत्यार. पुढचं त्याला काय स्वप्न पडलं होतं? भावना म्हणजे पुरावा नव्हे.

कुळागर
पुरावा प्रियोळला उभा आहे. या कधीतरी, जेवूनच जा.

शिलालेख
टोमणा पोचला. देऊळ का हलवलं यावर वाद नाहीच, तिमोजावर आहे. विषय बदलू नका.

कुळागर
विषय मी बदलला?? मेक्सिकोच्या धाग्यावर तिमोजाचा हिशोब तुम्ही मागताय! आणि फितुरी म्हणायची तर आधी ‘आपण’ असं काही हवं ना? त्लाश्काला अ‍ॅझ्टेकांचं कधी नव्हतंच, ते शत्रू होते. तिमोजा आदिलशहाचा कोण लागत होता? सगळ्यांना नंतर एका पिशवीत भरायचं आणि मग म्हणायचं, बघा, आतूनच कुरतडलं.

शिलालेख
हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर तीन प्रतिसाद वाचले असते. ठीक. ‘फितूर’ मागे. ‘अदूरदर्शी’ मात्र ठेवतो.

कुळागर
ठेवा. उपकार झाले.

मुगाची_खिचडी
एवढं रामायण झालं, पण डॉक्टर कोको उकळून देतो आणि नकळत कामेका नावाच्या तिथल्या बाईला लग्नाची मागणी घालून बसतो, यावर कुणीच बोलणार नाही का? जाताना तिने दिलेलं पदक ठेवून निघतो आणि परत येऊन उचलतो. माझ्या मते अख्ख्या कथेत तेवढंच खरं आहे.

दगडफूल
कामेकाला माझाही बदाम. मुद्द्यावर येतो. त्लोतोशलबद्दल शाईताई बरोबर आहेत, तो सगळ्यात हुशार आहे, माझ्या पोस्टमध्ये त्याचा उल्लेख हवा होता. पण ‘इतिहास बदलायचा नाही’ हा नियम नेहमी जिंकलेल्यांच्याच सोयीचा कसा असतो? हरणाऱ्यांना वाचवू नका, एवढाच त्याचा अर्थ.

शाईचा_डाग
तुमची बाजू मीच भक्कम करून देते, कारण तुम्हाला ते जमत नाहीये. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, एक कथा आली. साल १०६६. डॉक्टरसारखाच एक काळप्रवासी मठवासी बनून इंग्लंडात बसलाय. व्हायकिंगांचं आरमार किनाऱ्याला लागण्याआधीच उडवायचं, म्हणजे इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड याचं सैन्य स्टॅमफर्ड ब्रिजला व्हायकिंगांशी लढून दमणार नाही आणि हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन आक्रमकांना परतवून लावेल, असा त्याचा बेत. डॉक्टर तो उधळतो. अ‍ॅझ्टेकांच्या वेळी तो निदान हात बांधून उभा होता, इथे तर आक्रमण यशस्वी व्हावं म्हणून स्वतः राबतो. आणि ती कथा म्हणे गमतीदार.

यावर लिहा पोस्ट. मी विरोध करणार नाही. बहुतेक.

दगडफूल
‘बहुतेक’ची नोंद घेतली आहे. आज रात्री बघतो.

टेपपुराण
निवांत बघा, त्याचे चारही भाग शाबूत आहेत.