छोट्या लेथसाठी धातू: मुंबईत कुठून घ्यायचा, कुठला ग्रेड आणि हिशेब कसा करायचा?

गॅलरीतला_लेथ
मशीन ७×१४ (इंच) मिनी लेथ, त्यावर मिलिंग स्लाइड (सपाट बाजू नि खाचा कापायची जोडणी). करायचंय ते असं: दाबाच्या हवेवर चालणारं छोटं ऑसिलेटिंग (डोलणाऱ्या सिलिंडरचं) इंजिन, साधारण ४० मिमी रुंदीचा टूलमेकर्स व्हाइस (अचूक कामाचा छोटा शिकंजा) आणि बरेचसे बुश-स्पेसर. ऑनलाइन कापलेल्या तुकड्यांचे भाव पाहिले तर कुरिअर धरून माल सोन्याच्या भावात पडतोय. बाजारात फोन केले तर पहिला प्रश्न "किती टन?".
१) सुटे तुकडे मुंबईत कुठे मिळतात?
२) कुठले ग्रेड घ्यावेत?
३) दर बरोबर लावलाय हे कसं ओळखायचं?

टूलरूम_ठाणे
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पैसे तिथेच जातात.

बाजारात जायच्या आधी प्रत्येक तुकड्याचं वजन काढून कागदावर लिहून न्या. गोल बारचं सूत्र पाठ करा: व्यास मिमीमध्ये, त्याचा वर्ग, भागिले १६२. उत्तर येतं मीटरला किलो. हे स्टीलचं. पितळेला १५० ने भागा, ॲल्युमिनियमला ४७२ ने. चौरस स्टील असेल तर बाजूचा वर्ग गुणिले ०.००७८५. म्हणजे २५ मिमी गोल स्टील मीटरला ३.८६ किलो, तेवढंच पितळ ४.१७ किलो आणि ॲल्युमिनियम १.३२ किलो. काट्यावर यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त वजन आलं तर व्यास मोजा. काळा (गरम लाटलेला) बार नावाच्या मापापेक्षा थोडा जाड असू शकतो, पण ब्राइट (थंड ओढलेल्या, चकचकीत) बारमध्ये एवढा फरक पडायला नको.

आता किलोच्या दराचा चकवा. हिशेबापुरतं धरा (आजचे भाव नव्हेत, ते रोज हलतात): स्टील ८० रुपये, ॲल्युमिनियम ४००, पितळ ६५०. २५ मिमी व्यासाचा १०० मिमी तुकडा स्टीलमध्ये ३१ रुपयांना, ॲल्युमिनियममध्ये ५३ ला आणि पितळेत २७१ ला पडतो. किलोला पाचपट महाग दिसणारं ॲल्युमिनियम नगाला दुपटीलाही पोचत नाही, कारण ते हलकं आहे. पितळेला तो फायदा नाही, ते स्टीलपेक्षाही जड.

म्हणून इंजिनाचं फ्लायव्हील पितळेत करू नका. ५० मिमी व्यास, २० मिमी जाडी म्हणजे ३३४ ग्रॅम पितळ, वरच्या दराने २१७ रुपये. तेच स्टीलमध्ये २५ रुपयांत होतं. सिलिंडर मात्र पितळेचाच ठेवा: २० मिमी चौरस, ४० मिमी लांब, जेमतेम १३६ ग्रॅम. पिस्टन स्टीलचा, फ्रेम १० मिमी ॲल्युमिनियम प्लेटची.

ग्रेड:
फ्लायव्हील, स्पेसर, नट, नॉब यांना ईएन-१ए. त्यातलाही शिसंवाला मिळाला तर उत्तम. चिप (कापताना निघणारा कीस) तुटून पडते, फिनिश सहज येतो. पण त्यावर वेल्डिंग करायचं असेल तर घेऊ नका, जोडाला तडे जातात.
व्हाइस, शाफ्ट, ताकद लागणारं काहीही: ईएन-८. सुमारे ०.४ टक्के कार्बन, गरज पडली तर पाणी देता येतं (तापवून, बुडवून कडक करता येतं).
पितळ: "फ्री कटिंग, आयएस ३१९" असं स्पष्ट सांगून मागा.
ॲल्युमिनियम: दुकानात एचई-३० म्हणतील, ते ६०८२. एचई-२० म्हणजे ६०६१. दोन्ही चालतील, टेम्पर टी-६ (उष्णता देऊन कडक केलेला) आहे का ते विचारा. एचई-९ म्हणजे ६०६३, खिडक्यांच्या सेक्शनचा माल. तो मऊ, टूलच्या टोकाला चिकटतो, फिनिश फाटका येतो. दुकानदार "सगळं एकच आहे" म्हणाला तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

ईएन-३१, ईएन-२४ या जास्त चिवट-कडक स्टीलच्या नादी आत्ता लागू नका. मिनी लेथची मोटर रडते.

दारूखाना_फेरी
ठिकाणं सांगतो. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम आणि स्टेनलेससाठी गुलालवाडी-कीका स्ट्रीट, सी. पी. टँक आणि कुंभारवाड्याचा पट्टा. अवजारं, ड्रिल, टॅप, सिल्व्हर स्टीलच्या ग्राउंड (घासून अचूक मापाला आणलेल्या) सळया नागदेवी स्ट्रीटला, मशीद स्टेशनला उतरून चालत. लोखंड-स्टीलचा जाड माल आणि जुना माल दारूखान्यात, हार्बरवर रे रोडला उतरा. कळंबोलीचा स्टील मार्केट यार्ड घाऊकवाल्यांचा आहे, तिथे दोन किलोसाठी जाऊन स्वतःचा आणि त्यांचा वेळ घालवू नका.

फोनवर भाव काढायचाच नाही. प्रत्यक्ष जाऊन "तुकडा माल आहे का" असं विचारायचं. मोठी ऑर्डर कापून उरलेली टोकं बहुतेकांकडे कोपऱ्यात पडलेली असतात. तुमच्या मापाला २८ लागत असेल आणि तिथे ३२ चं टोक असेल तर ते घ्या, कटिंगचे पैसे वाचतात. रविवारी बाजार बंद. टेम्पो भरायच्या गडबडीत सुट्या गिऱ्हाइकाकडे कोणी बघत नाही, सकाळी दुकान उघडल्यावर गाठा.

शिवाय भंगारात सोनं आहे. शॉकॲब्सॉर्बरचे रॉड, प्रिंटरचे शाफ्ट, जुन्या जिमच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) प्लेटा. फ्लायव्हीलला बीड एकदम फुकटात.

मायक्रॉन
वरच्या शेवटच्या परिच्छेदाशी असहमत, निदान नवशिक्यासाठी तरी.

शॉकॲब्सॉर्बरच्या रॉडवर हार्ड क्रोम असतं, खालची सळईही बऱ्याचदा इंडक्शनने कडक केलेली. एचएसएस (हायस्पीड स्टीलचं) टूल पहिल्या पासातच मरतं. जिमच्या प्लेटा वाळूच्या साच्यात स्वस्तात ओतलेल्या. कडा लवकर थंड झाल्या असतील तर तिथे बीड पांढरं आणि काचेसारखं कडक होतं, मध्ये वाळूचे खडे नि पोकळ्या वेगळ्या. कार्बाइडची एक टीप (टूलचं कापणारं टोक) तुटली की "फुकट" प्लेटची किंमत कळते.

आणि बांधकामाची टीएमटी सळई लेथवर लावायचा मोह अनेकांना होतो. तिची बाहेरची कातडी पाणी मारून कडक केलेली, गाभा मऊ. टूलला एकाच कटात दोन वेगळे धातू लागतात. ती स्लॅबमध्येच शोभते.

भंगार घ्यायचंच असेल तर खिशात जुनी कानस ठेवा. कोपऱ्यावर घासा. कानस चावली तर माल मऊ, काचेवरून घसरावी तशी सरकली तर परत ठेवा. स्टेनलेसमध्ये लोहचुंबकावर विसंबू नका. ३०४ आणि २०२ हे दोन्ही ग्रेड चुंबकाला चिकटत नाहीत, आणि ३०४ सुद्धा गार ओढलेला असेल तर थोडा चिकटतो. या दोघांतला फरक टेस्टिंगच्या थेंबांनी कळतो, बऱ्याच स्टेनलेसवाल्यांकडे ती बाटली असते. तसंही तुमच्या लेथला ३०४ त्रासच देईल. टूल क्षणभर घासलं की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा कट त्या कडक थरातून घ्यावा लागतो. स्टेनलेस हवंच असेल तर सहज कापला जाणारा ३०३ शोधा.

गॅलरीतला_लेथ
धन्यवाद सगळ्यांना. व्हाइससाठी ईएन-८ चा ४० मिमी चौरस ब्राइट बार घेतला तर बाहेरच्या बाजू मिल करायच्या वाचतील, बरोबर? महाग असला तरी वेळ वाचेल.

मायक्रॉन
बाजू वाचतील, पण व्हाइस वाकेल. ब्राइट बार थंड अवस्थेत डायमधून ओढलेला असतो, ओढताना त्यात ताण साठतो. चारही बाजू शाबूत आहेत तोवर तो तोललेला राहतो. मधून खोल खाच काढली की तोल जातो, लांबीत काही शतांश मिमी वाक येतो आणि खाचेची रुंदी दोन्ही टोकांना वेगळी भरते. टूलमेकर्स व्हाइसमध्ये तेवढं पुरेसं आहे काम फुकट जायला.

काळा, गरम लाटलेला ४५ मिमी चौरस घ्या. ११० मिमी लांबीला पावणेदोन किलो. दर बाजूला अडीच मिमी काढायला मिळतात. पहिला कट भीतभीत घेऊ नका. वरची खपली (गरम लाटताना बसलेला कडक काळा थर) टूलची धार खाते, तेव्हा टोक खपलीच्या खाली जाईल असा एक मिमीचा कट घ्या. मिलिंग स्लाइडवर एक मिमी झेपत नसेल तर आधी ग्राइंडरने किंवा जुन्या कानशीने खपली उडवा. खाच अर्धा मिमी ठेवून रफ करा, क्लॅम्प पूर्ण सोडा, पुन्हा हलके बांधा, मग फिनिश.

टूलरूम_ठाणे
कटिंगचं राहिलंच. तुमच्या लेथच्या स्पिंडलमधून २० मिमीच्या आसपासच बार जातो. त्यापुढचा व्यास चकच्या तोंडाशीच धरावा लागणार, म्हणून १०० ते १५० मिमीचे तुकडे करून आणा. मात्र प्रत्येक नगाला वेगळा तुकडा कापू नका. चकमध्ये धरायला २०-२५ मिमी दरवेळी वाया जातात, पार्टिंगचे (नग बारपासून कापून वेगळा करण्याचे) तीन मिमी वेगळे. १५ मिमीचे चार स्पेसर एका १०० च्या तुकड्यातून निघतात. चार वेगळे कापलेत तर तेवढ्यालाच १६० मिमी लागतील, शिवाय चार कटांचे पैसे.

बँडसॉवरच कापून मागा. चॉपसॉने किंवा गॅसने कापलेलं ईएन-८ चं टोक तापून कडक होतं, फेसिंग (टोक सपाट) करताना टूल तिथेच बोथट होतं. बँडसॉचा कट थोडा तिरका येतो, तेव्हा अंतिम लांबीला तीन मिमी जास्त सांगा.

दर विचारताना एका दमात विचारा: जीएसटी धरून की वर, कटिंग धरून की वेगळं, कापताना गेलेला भुसा कोणाच्या वजनात? १८ टक्के जीएसटी शेवटी लागला की "स्वस्त" दुकान महाग ठरतं.

दारूखाना_फेरी
कानशीचा मुद्दा मान्य. बिडाच्या प्लेटांबद्दल माझा हेका कायम, कड कानशीने तपासून घ्या म्हणजे झालं.

पितळेच्या चिप्स वेगळ्या डब्यात साठवा, स्टीलचा एक कणही नको. भंगारवाला शुद्ध पितळेला पितळेचा भाव देतो, भेसळ दिसली की लोखंडाचा.

वसई_वर्कशॉप
गॅलरी म्हणालात म्हणून: पावसाळ्याआधी आणताय तर ब्राइट स्टील उघडं ठेवू नका. खाऱ्या हवेत दोन-तीन दिवसांत ठिपके दिसतात. दुकानात लावलेलं तेल पुसू नका, उलट हात लागला तिथे पुन्हा लावा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. तेलाचा हात, मग प्लास्टिक, आणि बार आडवा लाकडावर, लादीवर नाही.

गॅलरीतला_लेथ
शेवटचं. ईएन-८ आणि ईएन-१ए चे तुकडे शेजारी ठेवले तर सारखेच दिसणार. दुकानात टोकाला रंग दिसतो, त्यावरून ओळखायचं का?

टूलरूम_ठाणे
दुकानागणिक रंग बदलतो, त्यावर जाऊ नका. घरी आल्या आल्या स्वतःचा रंग ठरवा आणि एकाच टोकाला लावा. कापायचं नेहमी दुसऱ्या टोकाकडून. रंग लावलेलं टोक आधी कापलंत तर उरलेला बार कायमचा निनावी.