वर्षाचा सर्वोत्तम अल्बम: चार गाण्यांचा 'सैराट' यादीत धरायचा का?

रंकाळा_स्टिरिओ
यंदाच्या यादीसाठी मतं मागवायच्या आधी नियम ठरवू. दरवर्षी आधी यादी लागते आणि मग भांडता भांडता नियम निघतात. चाचणीसाठी 2016 चं वर्ष घेऊ, कारण तिथेच गाडी अडते.

माझा प्रस्ताव असा: किमान पाच वेगवेगळी गाणी आणि एकूण 15 मिनिटं, किंवा गाणी कितीही असोत पण एकूण 30 मिनिटं, तरच तो अल्बम. ही अट ग्रॅमीची आहे, मी घरी बसून काढलेली नाही. 'सैराट'मध्ये गाणी चार, वेळ साधारण 21 मिनिटं. दोन्हीकडून बाहेर. ऑनलाइन स्टोअरवालेही चार ते सहा गाणी आणि अर्ध्या तासाच्या आतला ऐवज असेल तर त्याला ईपी म्हणतात. त्याच वर्षीचा डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' बघा. गाणी सातच, पण 41 मिनिटं एकसंध. अल्बम याला म्हणायचं.

'सैराट'ची गाणी वाईट आहेत असं कोणी वाचू नये. 57 किलोचा पैलवान कितीही तयारीचा असला तरी 97 किलोच्या गटात त्याची कुस्ती लावत नाहीत, एवढंच म्हणणं आहे. त्याला वेगळा गट द्या.

हलगी_कडाडली
स्टिरिओ, नियमानं 'सैराट' भाईर जात असंल तर नियमच भाईर टाकायला पायजे. 29 एप्रिल 2016 ला पिक्चर आला. त्या वर्षी आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडवर गणपतीच्या मिरवणुकीत दुसरं काय वाजत हुतं, सांगा की. आणि वजनगटाचं म्हणाल तर खासबागेच्या कुस्ती मैदानात जोड लावताना आधी तयारी बघत्यात, काटा मागनं येतो.

दुसरं, चारच गाणी का हैत ते बघा. चारीच्या चारी मध्यंतराच्या आधी येत्यात, नंतरच्या भागात एक गाणं न्हाई. म्हंजे ही चार मोजूनमापून ठेवलेली हैत. भरीला रिमिक्स, 'सॅड व्हर्जन' आणि वाद्यांवरची धून घालून आठ करता आली असती. तसं केलं असतं तर तुमच्या नियमानं पास झाला असता. मग नियम नेमका कशाला बक्षीस देतोय?

सात_इंची
हलगीचा शेवटचा मुद्दा खोडायला अवघड आहे. माझा मुद्दा इतिहासाचा. चार गाणी हे माप मराठीला नवीन नाही. साठ-सत्तरच्या दशकांत मराठी चित्रपटाची गाणी मुख्यतः सात इंची, मिनिटाला 45 फेऱ्यांच्या तबकडीवर यायची. एका बाजूला दोन गाणी, बाजूला सात-साडेसात मिनिटं, झाली चार गाणी. बारा इंची एलपीवर, म्हणजे मोठ्या तबकडीवर, बाजूला 20 ते 22 मिनिटं मावतात. त्याहून जास्त भरायचं तर खाचा जवळ जवळ कापाव्या लागतात, मग आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि खरखर वर येते. त्यामुळे 40-45 मिनिटांचा 'खरा अल्बम' ही कल्पना मुळात एलपीच्या मापाची आहे. सीडीत 74 मिनिटं मावायला लागली तेव्हा अल्बम फुगले. आता मापच उरलं नाही म्हटल्यावर 27 गाण्यांचेही येतात.

आपल्या गावाला तर हे सांगायलाच नको. शाहू महाराजांच्या आश्रयाला इथे राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई. त्यांचं 'जात कहाँ हो' 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर गेलं, ते अवघं साडेतीन मिनिटांचं. मिनिटं मोजणाऱ्याने आधी 78 फेऱ्यांच्या तबकड्या यादीतून काढून दाखवाव्यात.

रंकाळा_स्टिरिओ
सात_इंची, केसरबाईंची तबकडी थोर आहेच, पण तिला कोणी 'वर्षाचा अल्बम' म्हटलं नाही. एका ध्वनिमुद्रिकेचा मान वेगळा आणि अल्बमचा वेगळा. अल्बमची परीक्षा क्रमात असते: कुठलं गाणं कशानंतर येतं, मधली मरगळ कशी झाकली जाते, शेवट कुठे सोडला आहे. चार गाण्यांत ही परीक्षा होतच नाही. नापास व्हायची सोयच नसलेल्याला पहिला नंबर कसा द्यायचा?

सात_इंची
क्रमाला एवढं महत्त्व, तर मग रेडिओहेडच्या 'अ मून शेप्ड पूल'चं काय करू? तोही 2016 चाच. अकरा गाणी, तीही इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली! तरी त्या वर्षीच्या जगभरच्या याद्यांत तो वर होता.

मेघना_मिक्सिंग
मोजणी नंतर करा, तुम्ही ऐकता कसं ते आधी बघू. यादी तिथेच बिघडते.

दोन अल्बमांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी हवी. एखाद-दोन डेसिबलने मोठं वाजणारं मिक्स कानाला 'जास्त भरीव' वाटतं आणि बहुतेकांना फरक आवाजाचा आहे हे कळतही नाही. स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये नॉर्मलायझेशन चालू करून 'नॉर्मल' ठेवा, म्हणजे सगळं सुमारे उणे 14 एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) येतं. अॅपलमध्ये साउंड चेक, तिथलं लक्ष्य उणे 16. एकाने स्पॉटिफायवर आणि दुसऱ्याने डाउनलोड फायलींवर ऐकून मत दिलं, तर दोघांनी वेगळ्या वस्तूंवर मत दिलं असं समजा.

अल्बम अल्बमच्याच पानावरून लावा, प्लेलिस्टमधून नको. अल्बम सलग वाजतो तेव्हा सगळ्या गाण्यांना एकच सुधारणा लागते, त्यामुळे हळू गाणं हळूच राहतं. प्लेलिस्टमध्ये प्रत्येक गाणं वेगळं मोजलं जातं आणि संथ गाणं वर ओढलं जाऊन झणझणीत गाण्याच्या बरोबरीला येतं. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्य, शफल बंद. 2021 च्या नोव्हेंबरात अॅडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण शफलऐवजी साधं प्ले केलं, पण आधीचं शफल चालू राहिलेलं असतं, ते एकदा बघून घ्या.

आता हलगीदादा, मिरवणुकीतल्या डॉल्बीवर 'सैराट'चा निकाल लावू नका. डॉल्बीच्या भिंतीला बहुतेक वेळा डावा-उजवा चॅनेल एकत्र करून मोनो देतात. दोन बाजूंना पसरलेला आवाज एकत्र होताना त्यातला उलट्या फेजचा भाग एकमेकाला खाऊन टाकतो. त्यात खालचे सब (खर्जाचे स्पीकर) एवढे चढवलेले असतात की लिमिटर (आवाज ठरल्या मर्यादेत ठेवणारं यंत्र) सतत दाबून धरतो आणि प्रत्येक ठोक्याला वरचं सगळं आत-बाहेर होतं. 'झिंगाट' यातूनही तगतं, कारण त्याचं बळ ठोक्यात आणि ओरडून म्हणायच्या ओळीत आहे. 'याड लागलं'मधली व्हायोलिनं मात्र जातात. लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर अख्खा वाद्यवृंद बसवून केलेलं काम तुम्ही मोनोत ऐकून 'लई भारी' म्हणताय, म्हणजे निम्मं ऐकलेलंच नाही. हेडफोन लावा आणि अजय गोगावलेंच्या आवाजामागे तंतुवाद्यं कधी पुढे येतात नि कधी मागे जातात ते बघा. माझ्या दृष्टीने पहिला नंबर त्या कामाला जातो, 'झिंगाट'ला नाही.

हलगी_कडाडली
ताई, हेडफोनचं मान्य. पर डॉल्बीवर तगणं हीबी परीक्षाच हाय की! दोन्हीकडं पास होणारी गाणी त्या वर्षी किती हुती?

जयपूर_अत्रौली
वर्ष कसं मोजणार ते कोणीच बोललं नाही. 'जोगवा' चित्रपटगृहांत आला सप्टेंबर 2009 मध्ये, पण अजय-अतुल, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना त्यासाठी मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार 2008 चे. 'नटरंग' प्रदर्शित झाला 1 जानेवारी 2010 ला आणि सर्वोत्तम मराठी चित्रपटाचा पुरस्कार 2009 चा. तिथे सेन्सॉर प्रमाणपत्राचं वर्ष धरतात. 'वेड' 30 डिसेंबर 2022 चा, म्हणजे बहुतेकांनी ऐकला 2023 मध्ये. प्रदर्शनाची तारीख धरली तर डिसेंबरचे अल्बम दरवर्षी मारले जातात, कारण मतदानापर्यंत ते दोनदासुद्धा ऐकून होत नाहीत. 1 डिसेंबर ते 30 नोव्हेंबर असं वर्ष धरा, आणि तारीख शेवटचं गाणं आलं त्या दिवसाची. एकेक गाणं महिनाभर सोडत राहायची पद्धत आहे, पहिल्या गाण्याची तारीख धरली तर घोळ होईल.

आणखी एक कळीचा प्रश्न: 'नवं' कशाला म्हणायचं? 'कट्यार काळजात घुसली' 2015 चा. त्यात शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आहेत आणि 1967 च्या नाटकातल्या पं. जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चालीही. ग्रॅमीची अट 75 टक्क्यांहून अधिक ध्वनिमुद्रण नवं असावं अशी आहे. चाल जुनी असली तरी मुद्रण नवं, म्हणजे 'घेई छंद मकरंद' तिथे चालून जाईल. मला ते पटत नाही. महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'अरुणी किरणी'साठी, ती नवी रचना. आपल्या यादीत नव्या चाली निम्म्याहून कमी असतील तर अल्बम 'पुनर्मुद्रण' गटात जावा, नाहीतर नवं काम करणारा दरवर्षी अभिषेकीबुवांशी लढत बसेल. आणि हरेल!

रंकाळा_स्टिरिओ
वर्षाचं मान्य. चालींचं मान्य नाही. 'कट्यार'मधल्या जुन्या पदांना नवी वाद्ययोजना आहे, तीही रचनाच आहे. गायकी बदलली की पदही बदलतं हे जयपूर घराण्याच्या माणसाला मी सांगावं?

आकडेमोड
नियमांइतकीच गफलत बेरजेत होते. पहिल्याला 10, दहाव्याला 1 अशी पद्धत आपण वापरतो. समजा बारा जण आहेत. एक अल्बम बाराही जणांनी ऐकला आणि सगळ्यांनी सहावा लावला: पाच गुणे बारा, 60. दुसरा पाच जणांनीच ऐकला आणि पाचांनीही पहिला लावला: 50. पहिला नंबर कोणाला? जो एकाचाही पहिला नाही त्याला. चित्रपटांचे अल्बम वर आणि स्वतंत्र अल्बम खाली राहतात त्याचं एक मोठं कारण हेच.

उपाय दोन. 'ऐकला नाही' हा वेगळा रकाना ठेवा, त्याला शून्य धरू नका. सरासरी फक्त ऐकणाऱ्यांची काढा, पण किमान एकतृतीयांश जणांनी ऐकलेला हवा, नाहीतर एकट्याचा लाडका वर चढून बसतो. किंवा न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाच्या समीक्षक-मतदानाची रीत घ्या: दहा अल्बम, एकूण 100 गुण, एका अल्बमला कमीत कमी 5, जास्तीत जास्त 30. यात आवड किती तीव्र आहे तेही दिसतं. धोका एकच, चार जणांनी संगनमत करून एकालाच तीस-तीस दिले तर छोट्या गटात यादी उलटते. म्हणून मतं बंद पाकिटात आणि सगळी एकाच दिवशी.

चार गाण्यांच्या वादावर माझं मत: गट वेगळे करू नका. लघुगट केला की त्यात वर्षाला दोन-तीनच नावं येतात आणि स्पर्धाच राहत नाही. किमान चार गाणी आणि 15 मिनिटं एवढी खालची मर्यादा ठेवा. रिमिक्स आणि त्याच चालीची दुसरी आवृत्ती मोजायची नाही.

रंकाळा_स्टिरिओ
रिमिक्स न मोजणं ठीक. चारची मर्यादा मला अजूनही 'सैराट'साठी दार रुंद केल्यासारखी वाटते. पण 100 गुणांची पद्धत घेतली तर मी विरोध मतातून नोंदवीन: त्याला 5.

हलगी_कडाडली
नोंदवा की! माझं 'सैराट'ला 30. वर चढवता येत न्हाईत म्हणून तेवढंच. आणि ताईंच्या सांगण्यावरनं हेडफोन लावून, शफल बंद करून दिल्यालं मत हाय, तसं पाकिटावर लिवतो.