राजहंसगडाचा एकच लेख, पण पत्ते दोन: बेळगाव आणि बेळगावी. चूक काय त्यात?

येळ्ळूरवाली
मंडळी, राजहंसगडावरचा माझा लेख, येळ्ळूरच्या वाटेनं कसं चढायचं, वर सिद्धेश्वराचं देऊळ, पाणी कुठं मिळतं वगैरे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं तरी आपण बेळगावच म्हणतो, पण सर्चमध्ये लोक दोन्ही टाइप करतात म्हणून मी तोच लेख दोनदा टाकला, एका यूआरएलमध्ये, म्हणजे पानाच्या पत्त्यात, बेळगाव, दुसऱ्यात बेळगावी. आता गूगलचं सर्च कन्सोल, आपली पानं सर्चमध्ये कशी आहेत ते दाखवणारं, म्हणतंय एक डुप्लिकेट, आणि बाजूला पडलं ते नेमकं बेळगाववालंच! माझं मत ठाम आहे, गावाला दोन नावं असतील तर पानं पण दोन पाहिजेत.

खानापूरचा_गडी
ताई, अजिबात पटलं नाही. गूगल दंड करत नाही ह्याला, सारखी पानं एकत्र धरतं आणि त्यातलं एकच दाखवतं. तुमच्या लेखाची लिंक कुणी ह्या पत्त्याला दिली कुणी त्या, म्हणजे एकाच शेताचं पाणी दोन पाटात गेलं. बेळगाववालं पान ठेवा, दुसऱ्यावरनं त्याच्यावर ३०१ रिडायरेक्ट (तिथं आलेल्याला कायमचं इकडं वळवणं) लावा आणि बेळगावी हे नाव लेखात दोनचार ठिकाणी सहज येऊ दे की.

निपाणीची_लेक
रिडायरेक्ट कशाला ओ लगेच? कॅनॉनिकल टॅग आहे की, मूळ पान कुठलं ते गूगलला सांगणारा, २००९ पासून, दोन्ही पानं राहतात.

खानापूरचा_गडी
राहतात, पण तो टॅग म्हणजे नुसती सूचना, गूगल ऐकेलच असं नाही. आणि दोन्ही पानं ठेवून वाचणाऱ्याला काय जास्तीचं मिळणार, सांगा बघू? त्यापेक्षा बेळगावीवाल्यांसाठी लेख कन्नडमध्ये नीट लिहून काढा, भाषांतर डुप्लिकेट धरत नाहीत, दोन्हीला एचरेफलँगनं (कुठलं पान कुठल्या भाषेतलं ते सांगणारा टॅग) जोडा.

वडगावचे_काका
पोरांनो, पत्ता रोमनमध्ये ठेवा एवढंच सांगतो. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण व्हॉट्सॲपवर चिकटवला की नुसत्या 'राजहंसगड'ची टक्केवाली (%E0 असली) ७२ अक्षरं होतात, बघणाऱ्याला वाटतं व्हायरस आहे. ब्लॉगरवर, गूगलच्या ब्लॉगच्या साइटवर, तर मराठी शीर्षक दिलं की पत्त्यात मराठी येतच नाही, ब्लॉग-पोस्ट आणि पुढं आकडा. तिथं पब्लिश करायच्या आधीच पर्मालिंक, म्हणजे पोस्टचा पत्ता, हातानं लिहायची.

निपाणीची_लेक
काका, मला नाही पटत. ब्राउझरमध्ये वर मराठी अक्षरं दिसतात ती मी का सोडू? सीमाभागात आधीच पाट्यांवर मराठी शोधावी लागते.

येळ्ळूरवाली
लेकीशी मी सहमत, माझा देवनागरी पत्ता तसाच राहणार. पाटाचं मात्र पटलं, काल रात्री बघितलं तर गडाच्या फोटोंना आलेल्या लिंक खरंच निम्म्या निम्म्या वाटल्या गेल्यात. बेळगावीवर ३०१ लावते आज. कन्नडचं कोण बघून देईल काय? माझं बोलण्यापुरतं आहे, लिहायला चुकतं.