चौथीतील मुलगा गोष्ट सांगतो, पण वाचताना अडतो: डिस्लेक्सिया की भाषेची अडचण?

प्रश्न – जोडवर्ग_शिक्षिका

नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग शिकवते. चौथीतील एक मुलगा तोंडी हिशेबात सर्वांच्या पुढे आहे आणि एकदा ऐकलेली गोष्ट नेमक्या क्रमाने सांगतो. परंतु चार ओळींचा उतारा वाचायला दिला की पहिल्याच जोडाक्षरापाशी अडतो आणि पुढचे शब्द चित्राकडे पाहून अंदाजाने म्हणतो. श्रुतलेखनात वेलांट्या गळतात, घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होते. फळ्यावरचे मात्र तो सुबक अक्षरात उतरवून घेतो, त्यामुळे वही तपासणाऱ्याला काहीच खटकत नाही.

गावाची बोली पावरी आहे आणि हे कुटुंब दरवर्षी ऊसतोडीला जाते. म्हणून सहकाऱ्यांच्या मते हा भाषेचा आणि गैरहजेरीचा प्रश्न आहे, तर वडिलांच्या मते निव्वळ आळसाचा. मला दोन्ही पटत नाही; डिस्लेक्सियाची, म्हणजे समज चांगली असूनही वाचन-लेखनातच अडवणाऱ्या अध्ययन अक्षमतेची, शंका येते. राज्यात २०२३-२४ पासून पाचवीला वार्षिक परीक्षा आली आहे आणि पुनर्परीक्षेतही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहते, ही काळजी वेगळीच. शाळेच्या पातळीवर नेमके काय पाहावे, आणि अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी आताच धावपळ करावी का?

उत्तर – विशेष_शिक्षक_गटसाधनकेंद्र

मॅडम, घ-ध किंवा भ-म यांची अदलाबदल हा एकटा पुरावा मानू नका. आकार जवळचे असल्यामुळे पहिली-दुसरीतील अनेक मुलांचे तसे होते. आपल्या वर्णनातील खरी लक्षणीय बाब म्हणजे ऐकून समजणे आणि वाचून समजणे यांतील दरी. तीच पद्धतशीरपणे तपासावी. एक उतारा त्याला वाचून दाखवा, शक्य असल्यास तो गावातील कोणाकडून पावरीत सांगून घ्या, आणि प्रश्न विचारा. तशाच काठिण्याचा दुसरा उतारा त्याला वाचायला देऊन पुन्हा प्रश्न विचारा. वर्गातील इतर पावरीभाषक मुलांचे, विशेषतः ऊसतोडीला जाऊन येणाऱ्यांचे, वाचनही त्याच दिवशी ऐका. अडचण केवळ भाषेची असेल तर ऐकून समजण्यातही ती दिसते आणि बरोबरीच्या मुलांतही दिसते. ही मुले सावकाश का होईना पुढे सरकत असतील आणि हा एकटाच जागेवर असेल, तर शंका बळावते.

त्यानंतर ध्वनींचे खेळ घ्यावेत: ‘कमळ’मधील ‘क’ काढला तर काय उरते, ‘पाटी’ आणि ‘पाणी’ यांत कोणता आवाज बदलला. अर्थ नसलेले शब्दही वाचायला द्यावेत, उदाहरणार्थ ‘टिमुर’, ‘गोभशी’. पाठांतराने किंवा चित्राने निभावून नेणारे मूल इथे थांबते. वाचनाची वेळही लिहून ठेवा. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराचसा पक्का असल्यामुळे काही मुले पुढे चुकत नाहीत, फक्त फार हळू वाचतात, आणि ‘वाचता येते’ या रकान्यात त्यांच्यापुढे बरोबरची खूण होऊन विषय संपतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर, हाही अशा मुलांना वेगळा त्रास आहे.

या सर्वांआधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आरोग्य तपासणीसाठी शाळेत येते तेव्हा या मुलाबद्दल त्यांना मुद्दाम सांगावे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची प्राथमिक चाळणी चाचणी मराठीतही आहे आणि तिच्यात तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनी भरायचा वेगळा भाग आहे. एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ या दिव्यांगत्वाच्या प्राथमिक चाळणीच्या ॲपमध्येही पहिला टप्पा वर्गशिक्षकाचा व दुसरा विशेष शिक्षकाचा आहे. दोन्हींतून केवळ शंका नोंदवली जाते, निदान होत नाही.

उत्तर – आई_ठाणे

माझे मत थोडे निराळे आहे. प्रमाणपत्र लवकर घ्या. माझ्या मुलीच्या शाळेने कागद हातात येईपर्यंत तोंडी परीक्षासुद्धा घेतली नाही आणि वर्षभर तिला सर्वांसमोर उभे करून वाचायला लावले. कागद आल्यावर जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष हे सारे विनातक्रार मिळाले.

उत्तर – विशेष_शिक्षक_गटसाधनकेंद्र

ताई, परीक्षेतील सवलतींसाठी कागद लागतो हे मान्य. शिकवण्यासाठी मात्र तो लागत नाही आणि तुमच्या मुलीच्या शाळेने तिथेच गल्लत केली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि ती शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय करणे ही जबाबदारी कायद्याने शिक्षणसंस्थेवर टाकली आहे. याउलट २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत वयाच्या आठ वर्षांपूर्वी प्रमाणपत्रच न देण्याची, आणि पुढे चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणीची तरतूद होती. आठव्या वर्षापर्यंत मुलाने वाट पाहत बसायचे काय?

मॅडम, दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज जरूर करा. पण जिल्हा रुग्णालयात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोणत्या दिवशी असतात याची फोनवर खात्री करूनच पालकांना पाठवा, कारण मजुरी बुडवून गेलेला बाप रिकाम्या हाताने परतला तर दुसऱ्यांदा जात नाही. दरम्यान रोज वीस मिनिटे त्याच्यासोबत बसा. संपूर्ण बाराखडी न घोकवता एका वेळी दोन-तीन अक्षरे घ्या, बोटाने गिरवताना उच्चार मोठ्याने करायला सांगा, ‘पुस्तक’ हा शब्द पु-स्-त-क असा आधी टाळीवर फोडून मग लिहून घ्या आणि तोच उतारा काही दिवस पुन्हा पुन्हा वाचून घ्या. परिसर अभ्यासाचा धडा मात्र त्याला वाचून दाखवा. वाचन मागे आहे म्हणून ज्ञानही मागे पडू देण्याचे कारण नाही. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात तोंडी काम हे साधन आधीपासून आहे. त्याचा वापर करण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

उत्तर – निवृत्त_केंद्रप्रमुख

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. कुटुंब ऊसतोडीला निघेल तेव्हा स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत दाखवण्यासाठी देतात त्या शिक्षण हमी पत्रकासोबत या चाचण्यांच्या नोंदी, वाचनाची वेळ आणि कोणती अक्षरे झाली याचा अर्धा पानभर कागद जोडा व एक प्रत शाळेत ठेवा. नाहीतर कारखान्याजवळच्या शाळेतील शिक्षक पुन्हा ‘अ’पासून सुरुवात करतात आणि रुग्णालयातही पूर्वी काय शिकवले याचे उत्तर कोणाकडे नसते. आजी-आजोबा गावात राहत असतील तर पालक बाहेर असताना मुलांची गावातच सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृह योजनेत मुलाला ठेवता येते का, हेही शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत मांडा.